पॅलिएटिव्ह केअरमधलं संशोधन: उरलेल्या वेळात मावेल असा प्रश्न

धाप लागलेल्या रुग्णाला ऑक्सिजनची नळी लावा, असं वॉर्डात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. रक्तातला ऑक्सिजन पुरेसा असला तरी नळी लागते. रुग्ण कासावीस असतो, नातेवाईक डोळ्यांनीच विचारत असतात आणि हात बांधून उभं राहणं कुणालाच जमत नाही. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये नेमक्या अशा रुग्णांवरची एक चाचणी छापून आली. आजार असाध्य, धाप सतत, पण घरी ऑक्सिजन लावण्याच्या निकषात बसेल इतका रक्तातला ऑक्सिजन घसरलेला नाही, असे २३९ रुग्ण. काहींना ऑक्सिजन दिला, काहींना साधी हवा. नळी तीच, मिनिटाला २ लिटर, दिवसातून निदान १५ तास, ७ दिवस. धाप दोन्ही गटांत थोडी कमी झाली, आणि जवळपास सारखीच कमी झाली.

साध्या हवेचा गट नसता तर 'ऑक्सिजन दिला आणि धाप उतरली' असंच सगळ्यांनी लिहून ठेवलं असतं, आणि ते डोळ्यांनी पाहिलेलंही असतं. पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे असाध्य आजारात रुग्णाचा त्रास कमी करण्याच्या सेवेत, अनुभव असाच फसवतो. लक्षणं आपणहून चढतात-उतरतात, कुणी जवळ बसून विचारपूस केली तरी उतरतात, आणि श्रेय शेवटी दिलेल्या औषधाला मिळतं. कर्करोगाच्या हट्टी दुखण्यावर त्वचेखालून दिलेल्या केटामिन या भुलीच्या औषधाचं असंच नाव होतं. २०१२ साली १८५ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. आराम पडलेले केटामिन गटात ३१ टक्के, प्लासिबो (औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं) गटात २७ टक्के. दुष्परिणाम मात्र केटामिनच्या वाट्याला जास्त. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या ११ केंद्रांतल्या २४७ रुग्णांचा अभ्यास आला. सौम्य ते मध्यम डिलिरिअममध्ये (आजारात अचानक येणाऱ्या भ्रमिष्टपणात) हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन ही मनोविकारांवरची औषधं घेणाऱ्यांची लक्षणं प्लासिबोवाल्यांपेक्षा जास्त राहिली. उलट दिशेचंही उदाहरण आहे. शेवटची घरघर सुरू होण्याआधीच हायोसिन ब्युटिलब्रोमाइड हे स्राव कमी करणारं औषध द्यावं का, हे नेदरलँड्समधल्या हॉस्पिसांत, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांच्या सेवाकेंद्रांत, तपासलं गेलं आणि २०२१ साली निकाल आला: औषधाच्या गटात १३ टक्क्यांना घरघर लागली, प्लासिबोच्या गटात २७ टक्क्यांना.

असं तपासून पाहणं या शाखेच्या रक्तातच आहे. तिचा पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं ते सेवा, शिक्षण आणि संशोधन या तिन्हींसाठी. तिथे वेदनेसाठी डायमॉर्फिनवर, म्हणजे वैद्यकीय हेरॉइनवर, भिस्त होती. तिथलेच डॉक्टर रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी ते आणि मॉर्फिन यांची तोंडावाटे नियमित देऊन रीतसर तुलना केली, आणि १९७७ साली छापलं की रुग्णाला जाणवेल असा फरक दोघांत नाही. आपल्याच घरातली समजूत आपणच तपासायची, हा पायंडा तिथला.

आता तुम्ही परिचारिका, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, औषधनिर्माता, समाजसेवक यांपैकी कुणीही असा. संशोधनात पडायचं तर सुरुवात कुठून? माझं मत स्पष्ट आहे: स्वतःच्या चाचणीपासून तर मुळीच नको. पहिली पायरी मोजणं, दुसरी दुसऱ्याच्या अभ्यासात हातभार, आणि तिसऱ्या पायरीवर स्वतःचा प्रश्न. तिन्ही पायऱ्यांवर एकच कसोटी लागते. जे काही मागणार आहात ते रुग्णाच्या उरलेल्या वेळात आणि उरलेल्या शक्तीत मावतं का?

आधी मोजायला लागा

लक्षणं नोंदवण्याची साधनं तयार आहेत. कॅनडातल्या एडमंटनमधून १९९१ साली आलेलं ईसॅस (ESAS) नऊ लक्षणं विचारतं. सध्याच्या रूपात प्रत्येकाला ० ते १० गुण. आयपॉस (IPOS) ही प्रश्नावली थोडी मोठी आहे. त्यात लक्षणांबरोबर चिंता, घरच्यांची काळजी, मिळालेली माहिती, व्यावहारिक अडचणी असे प्रश्न येतात, गुण ० ते ४. त्याच्या मागच्या ३ दिवसांबद्दल विचारणाऱ्या आणि ७ दिवसांबद्दल विचारणाऱ्या वेगवेगळ्या प्रती आहेत, शिवाय रुग्णाने भरायची वेगळी आणि कर्मचाऱ्याने भरायची वेगळी. हिंडण्या-फिरण्याची क्षमता पीपीएस (PPS) या मापाने मोजतात: १००पासून दहा-दहाने उतरत ०पर्यंत, ३० म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला, ० म्हणजे मृत्यू.

यातलं एक निवडा आणि तीन महिने नेमाने भरा. चुका इथेच लक्षात येतात. वेदनेचे गुण एका पाळीत मॉर्फिनच्या जादा डोसआधी घेतले जातात, दुसऱ्या पाळीत डोसनंतर अर्ध्या तासाने, आणि आलेखात उगाच डोंगर-दऱ्या दिसतात. एक जण 'आत्ता किती?' विचारतो, दुसरा 'काल दिवसभरात किती?' रुग्ण झोपला म्हणून कुणीतरी स्वतःच्या अंदाजाने ४ लिहून मोकळं होतं, आणि तो अंदाज होता याची खूण कुठेच नसते. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर तीन गोष्टी हव्यात: वेळ, आधीचा डोस किती वाजता, आणि उत्तर कुणी दिलं. भरता आली नाही तर रकाना रिकामा सोडू नका, कारण लिहा: गुंगीत, नकार, तपासणीला बाहेर, कर्मचारी नव्हता. पुढे विश्लेषणात या कारणांचं मोल गुणांइतकंच असतं.

भाषेचा घोळ वेगळाच. ईसॅसमध्ये थकवा आणि झोपाळूपणा शेजारी-शेजारी आहेत आणि रुग्ण त्यांची सर्रास गल्लत करतात; म्हणून सुधारित आवृत्तीत थकवा म्हणजे अंगात त्राण नसणं आणि झोपाळूपणा म्हणजे झोप येत राहणं, असा खुलासा जोडला गेला. भुकेचंही तसंच. नुसतं 'भूक' लिहिलं तर १० म्हणजे कडकडून भूक की भूक मेली? सुधारित आवृत्ती 'भूक न लागणं' विचारते. मराठीत आणलेली प्रत वापरणार असाल तर ती कशी तयार झाली हे विचारा. दोघांनी स्वतंत्र भाषांतर केलं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट फिरवलं, आणि मग पाच-सात रुग्णांना 'या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?' असं विचारून शब्द बदलले, एवढं झालं असेल तरच ती विश्वासाची. ड्युटीवरच्या कुणी उभ्याउभ्या केलेल्या भाषांतरावर अभ्यास रचू नका; नंतर तो दुरुस्त होत नाही.

या तीन महिन्यांच्या नोंदींना संशोधन म्हणायचं का? आपल्या सेवेची मान्य मानकाशी तुलना केली तर ते ऑडिट. इतरांना लागू पडेल असं नवं ज्ञान काढायचं असेल तर संशोधन, आणि त्याला नोंदी गोळा करण्याआधी नैतिकता समितीची परवानगी लागते. ऑडिट म्हणून गोळा करून मागाहून शोधनिबंध लिहायचा विचार असेल तर समितीला आधीच विचारा. परवानगी मागची तारीख टाकून मिळत नाही.

दुसऱ्याच्या अभ्यासात

चालू असलेल्या बहुकेंद्री अभ्यासात एक केंद्र म्हणून किंवा केंद्रातला एक हात म्हणून शिरणं हा शिकण्याचा स्वस्त आणि सुरक्षित मार्ग. आधी गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे रुग्णांवरच्या संशोधनाच्या नियमांचं, प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते ऑनलाइन एका दिवसात उरकतं. मग जबाबदाऱ्यांच्या नोंदवहीत तुमचं नाव, सही आणि काम चढतं. त्या नोंदीआधी घेतलेली संमती नियमभंग ठरते, मग ती कितीही नीट घेतलेली असो.

सुरुवातीला तुमच्याकडे येणारं काम बहुधा स्क्रीनिंगची वही. रोज सकाळी नव्या रुग्णांची यादी घ्यायची आणि प्रत्येकापुढे लिहायचं: निकषात बसतो का, नसेल तर कोणत्या निकषाने अडला, विचारलं का, नसेल तर का नाही, होकार की नकार. कंटाळवाणं वाटतं, पण अभ्यास कुठे बुडतोय हे हीच वही सांगते. समजा महिन्याला २० नवे रुग्ण येतात. निकषात ८ बसतात, प्रत्यक्ष विचारलं ५ जणांना, होकार दिला दोघांनी. निकषात बसूनही न विचारलेले ते ३ जण कोण, हे शोधा. बहुतेकदा उत्तर 'डॉक्टर म्हणाले, आत्ता नको' किंवा 'नर्सताईंना वाटलं, बिचाऱ्याला कशाला त्रास' असं निघतं. याला राखणदारी म्हणू. हेतू प्रेमाचा असतो, पण रुग्णाच्या वतीने नकार देण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? शेवटच्या आजारात 'माझ्यानंतरच्या कुणाला तरी उपयोग होऊ दे' असं म्हणण्याची संधीच त्या माणसाला मिळत नाही. शिवाय फक्त जरा धडधाकट, गोड बोलणारे रुग्ण अभ्यासात येतात आणि निकाल त्यांच्यापुरताच खरा राहतो. त्यावर उपाय म्हणजे निकष लिखित ठेवणं आणि 'निकषात बसला की विचारायचंच, न विचारल्यास कारण लिहायचं' असा नियम टीमकडून आधीच मान्य करून घेणं.

विचारायला कोणी जावं? उपचार करणाऱ्याने फक्त 'एक अभ्यास चालू आहे, त्याबद्दल कुणी येऊन बोललं तर चालेल का?' एवढंच विचारावं. बाकी सगळं दुसऱ्याने सांगावं. जो माणूस सकाळी वेदनेचं औषध ठरवतो, त्याला दुपारी नाही म्हणायला रुग्णाची जीभ रेटत नाही.

संमतीचा मुद्दा सविस्तर घेतो, कारण नवखे इथेच जास्त अडखळतात. निर्णय घेण्याची क्षमता पाहायची ती या एका निर्णयापुरती: माहिती कळते का, निर्णय होईपर्यंत लक्षात राहते का, बऱ्यावाइटाचा तोल करता येतो का, आणि निर्णय कोणत्याही मार्गाने सांगता येतो का. 'काका, तुम्हाला काय करावं लागणार आहे ते तुमच्या शब्दांत सांगाल?' हा एक प्रश्न चारांतलं बरंचसं दाखवून देतो. सकाळी चाचपडणारा रुग्ण दुपारी स्वच्छ असू शकतो. डिलिरिअम असंच हेलकावे खातं. म्हणून एकदा नापास म्हणजे कायमचा बाद असं नाही. माहितीपत्रक दोन पानांत बसवा आणि अक्षर मोठं ठेवा. आधी दिलेला होकार दर भेटीला तोंडी पुन्हा विचारा आणि तो विचारल्याची नोंद ठेवा.

आणि जिथे रुग्ण अभ्यासाच्या क्षणी बोलूच शकणार नाही, तिथे? घरघर लागलेल्या माणसाकडून सही कशी घेणार? वर सांगितलेल्या हॉस्पिसांतल्या चाचणीत दाखल झाल्यावर, शुद्धीत असतानाच, पुढच्यासाठी संमती घेतली. मृत्यू जवळ आल्याची लक्षणं दिसली की मगच गट ठरायचा. संमती २२९ जणांनी दिली, गट ठरला १६२ जणांचा, मुख्य विश्लेषणात आले १५७. आगाऊ संमतीचा अभ्यास आखताना ही गळती आधीच धरावी लागते. सही केलेल्यांपैकी बरेच जण त्या टप्प्यावर अभ्यासात पोहोचतच नाहीत. आणखी एक ओळ संमतीपत्रात हमखास राहून जाते: मधेच क्षमता गेली तर तोवर दिलेली माहिती ठेवायची की काढून टाकायची, आणि पुढे चालू ठेवायचं का हे कुणाला विचारायचं. नैतिकता समितीकडून प्रस्ताव परत येण्याचं हे एक नेहमीचं कारण. दुसरं कारण, मुलाखतीत रुग्ण रडू लागला तर काय करायचं हे लिहिलेलं नसणं.

स्वतःचा प्रश्न

'पॅलिएटिव्ह केअरने जीवनमान सुधारतं का?' हा प्रश्न नाही, घोषणा आहे. कोणते रुग्ण, कोणता उपाय, कशाशी तुलना, काय मोजणार, आणि कितव्या तासाला किंवा दिवसाला, एवढं एका वाक्यात आलं पाहिजे. शेवटचा भाग निर्णायक. ज्यांचं सरासरी आयुष्य काही आठवड्यांचं उरलंय, त्यांच्यात तीन महिन्यांनी मोजायचं ठरवलंत तर मोजायला मोजकेच उरतील, आणि तेही सगळ्यांत टणक. लक्षणांवरच्या औषधासाठी २४ ते ७२ तास, सेवेच्या बदलासाठी दोन ते सहा आठवडे, असा विचार करा.

हातातल्या छोट्या पंख्याचा अभ्यास मला यासाठी फार आवडतो. २०१०चा तो अभ्यास, ५० जण. प्रत्येकाने पंखा एकदा चेहऱ्यावर आणि एकदा पायावर धरला, ५-५ मिनिटं, क्रम चिठ्ठी टाकल्यासारखा. चेहऱ्यावर धरला की धाप कमी झाली. प्रत्येक जण स्वतःचीच तुलना, प्लासिबो म्हणून पाय, आणि सगळं एका बैठकीत. फिजिओथेरपीच्या खोलीत सुचावा असा हा प्रश्न. अशी अदलाबदल रचना मात्र परिणाम चटकन ओसरणाऱ्या उपायांनाच चालते. पहिल्या उपायाचा अंमल दुसऱ्यावर सांडला, किंवा दोन फेऱ्यांच्या मधे आजारच पुढे सरकला, की तुलना बिघडते. सेवा देण्याची पद्धत बदलायची असेल तर एकाच वॉर्डात दोन गट ठेवू नका. कर्मचारी तेच असतात, नवी सवय दोन्हीकडे पसरते. वॉर्ड किंवा केंद्रच चिठ्ठीने वाटा.

किती रुग्ण लागतील? संख्याशास्त्रज्ञाकडे जाण्याआधी स्वतः एकदा गणित करून पाहा, डोळे उघडतात. ० ते १०च्या मापावर १ गुणाचा फरक पकडायचा आहे. ईसॅसमध्ये रुग्णाला जाणवणारा बदल साधारण एवढाच धरतात. प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात ते, २ गुण. नेहमीच्या अटींवर, म्हणजे ५ टक्के चूक (फरक नसताना दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के ताकद (फरक असताना पकडण्याची शक्यता), सोपं सूत्र असं: विचलन भागिले फरक, त्याचा वर्ग, गुणिले १६. म्हणजे दर गटात ६४. विचलन २.५ निघालं तर हाच आकडा १०० होतो, म्हणून आधीच्या तीन महिन्यांच्या नोंदी कामाला येतात. विचलन त्यातूनच कळतं.

आता गळती. ३० टक्के धरली तर ६४ला ०.७ने भागा: ९१.४, म्हणजे ९२. इथे सर्रास चूक होते ती ६४मध्ये त्याचे ३० टक्के मिळवण्याची. मग ८४ येतात, त्यातले ३० टक्के गळल्यावर ५९च उरतात. दोन्ही गट मिळून १८४ हवेत. महिन्याला दोन होकार, हे वरचं उदाहरण लावलं तर ९२ महिने, म्हणजे साडेसात वर्षांहून जास्त. एका केंद्राने लक्षणांवरची चाचणी एकट्याने का करू नये, याचं उत्तर या भागाकारात आहे.

३० टक्के गळती म्हणजे अभ्यास ढिसाळ, असं बाहेरच्या परीक्षकांना वाटू शकतं. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगात निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह केअर जोडण्याचा २०१०चा बॉस्टनमधला अभ्यास या शाखेत सर्वाधिक सांगितला जातो. १५१ रुग्ण, १२ आठवड्यांत २७ गेले, उरलेल्या १२४पैकी १०७ जणांचं मोजमाप पूर्ण झालं. म्हणजे उत्तम चालवलेल्या अभ्यासातही सुरुवातीच्या १५१मधले २९ टक्के त्या टप्प्यावर हाती नव्हते. अखेरच्या काळातल्या सेवेवर संशोधन कसं करावं याच्या २०१३च्या मोरकेअर शिफारशी म्हणूनच गळतीचे तीन भाग करायला सांगतात: मृत्यूमुळे, आजार वाढल्यामुळे, आणि आजाराशी संबंध नसलेली. प्रस्तावात तिन्हींचा अंदाज आधी लिहा, निबंधात तिन्ही वेगळे दाखवा.

रिकामे रकाने भरण्याचा जुना मार्ग म्हणजे शेवटचा मिळालेला गुण पुढे ओढणं. या रुग्णांत तो मार्ग विषारी आहे. मंगळवारी वेदना ३ होती, बुधवारपासून रुग्ण इतका खालावला की बोलला नाही, आणि कागदावर रविवारपर्यंत वेदना ३च. ज्या गटात जास्त जण खालावले, तो गट उलट स्थिर दिसतो. मृत्यूनंतरचा गुण तर 'हरवलेला' म्हणताच येत नाही. तो अस्तित्वातच नसतो. याचं काय करायचं हे संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून विश्लेषणाच्या आराखड्यात पहिला रुग्ण घेण्याआधी ठरवा.

मागच्या कागदपत्रांवरून अभ्यास करणं सोपं वाटतं, आणि पहिल्या निबंधासाठी बरेच जण तिकडेच वळतात. तिथे एक खड्डा आहे. निदानापासून मोजून 'पॅलिएटिव्ह केअर मिळालेले' आणि 'न मिळालेले' यांचं आयुष्य ताडून पाहिलं तर मिळालेले जास्त जगलेले दिसू शकतात, कारण सेवा मिळेपर्यंत जिवंत राहणं ही त्या गटात येण्याची अटच होती. जे आधीच गेले ते आपोआप दुसऱ्या गटात पडले. निदानानंतर ठरावीक दिवस, समजा ६०, हा टप्पा धरा आणि त्या दिवशी जिवंत असलेल्यांनाच, त्या दिवसापर्यंत सेवा मिळाली की नाही यावरून, गटांत टाका.

मुलाखतींचं काम

गुणात्मक संशोधन सोपं असतं असा समज आहे. एक तासाचं ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला चार ते सहा तास लागतात, आणि त्यानंतर वाचन, संकेत लावणं (मजकुराला आशयानुसार खुणा करणं), दुसऱ्याच्या संकेतांशी पडताळणं. १५ मुलाखती म्हणजे रिकाम्या वेळातलं काम राहत नाही. रुग्णाची मुलाखत अर्ध्या तासात संपवायच्या बेताने आखा आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न दुसरा किंवा तिसरा ठेवा. शेवटी ठेवलात तर तिथवर दम पुरत नाही. वेदनेच्या औषधाचा डोस लागू झाल्यावरची वेळ घ्या. रेकॉर्डर दोन न्या, आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या बाजूला ठेवू नका, कारण खालच्या पट्टीतला आवाज त्या घरघराटात पुरता बुडतो. रुग्णाला घरचं कुणी जवळ हवं का ते विचारा. पण जवळ असलेला माणूस उत्तरं बदलतो हे लक्षात ठेवून, कोण हजर होतं ते लिहा.

रडू आलं की रेकॉर्डर बंद करायला झेप घेऊ नका. थांबा, पाणी द्या, विचारा: थोडं थांबायचं, उद्या करायचं, की चालू ठेवायचं? बहुतेक जण चालू ठेवतात. कुणाला कळवलेलं चालेल हे परवानगीने ठरवा, आणि दुसऱ्या दिवशी फोन किंवा भेट हवीच. हे प्रस्तावात पायरीपायरीने लिहिलेलं असावं. मुलाखत घेणाऱ्यालाही दर चार-पाच मुलाखतींनंतर कुणाशी तरी बोलायची वेळ आधीच राखून ठेवा. उतरवून काढणाऱ्याला तर जास्तच, कारण तो तोच आवाज पुन्हापुन्हा ऐकतो आणि तो माणूस गेल्याचंही त्याला माहीत असतं. लिहिताना कोरेकची (COREQ) यादी, म्हणजे गुणात्मक निबंधात काय नोंदवायचं त्याचे ३२ मुद्दे, शेवटी नको, सुरुवातीलाच समोर ठेवा. 'किती जणांनी नकार दिला' हे नंतर आठवून लिहिता येत नाही.

गंभीर घटनांची नोंद

औषधाच्या चाचणीत मृत्यू आणि दाखल होणं या गंभीर घटना मानल्या जातात आणि त्या प्रायोजकाला साधारण २४ तासांत कळवायच्या असतात. हॉस्पिसमध्ये हा नियम जसाच्या तसा लावला तर रोज अर्ज भरावे लागतील आणि खरोखर औषधामुळे झालेली घटना त्या ढिगात दडून जाईल. आजाराच्या ओघात अपेक्षित असलेले मृत्यू आणि दाखल होणं कसं नोंदवायचं हे संशोधन आराखड्यात वेगळं लिहून समितीकडून मान्य करून घ्या. मग गुंगी, श्वासाची गती, नवा गोंधळ, इंजेक्शनच्या जागची सूज, या गोष्टींकडे नीट लक्ष देता येतं. औषधनिर्माता यात पहिल्या बैठकीपासून हवा. सिरिंज ड्रायव्हरमध्ये (औषध संथपणे सतत सोडणाऱ्या यंत्रात) अभ्यासाचं औषध नेहमीच्या औषधांबरोबर किती तास टिकतं आणि गढूळ होतं का, हे त्यालाच ठाऊक. गढूळपणामुळे गट उघडा पडला तर कुणाला काय दिलं हे लपवण्याची सगळी खटपट वाया जाते.

चाचणीची नोंद सार्वजनिक नोंदणीत पहिला रुग्ण घेण्याआधी करावी लागते. २००५पासून प्रमुख वैद्यकीय नियतकालिकं त्याशिवाय निबंध घेत नाहीत. लेखकांची नावं आणि क्रम सुरुवातीच्या बैठकीतच ठरवून इतिवृत्तात लिहा. वॉर्डातली जी परिचारिका वर्षभर वही भरते, तिचं नाव आभारात जाणार की लेखकांत, हा प्रश्न शेवटी काढला की नाती तुटतात. उपयोग नाही असा निकाल आला तरी छापा. नाहीतर पुढच्या केंद्रातले रुग्ण त्याच प्रश्नासाठी पुन्हा सुया टोचून घेतील.

वेळेचं सांगायचं तर आठवड्यातला ठरलेला अर्धा दिवस, पाळीच्या तक्त्यात छापलेला, एवढं निदान मिळवा. 'वेळ मिळेल तसं' केलेल्या अभ्यासात शुक्रवारी दुपारी आलेले रुग्ण कधीच येत नाहीत, आणि ते इतरांहून वेगळे असू शकतात.

टपालाने किंवा फोनवर पाठपुरावा असेल तर एक काम कुणा एकाच्या नावावर टाका. प्रश्नावली धाडण्याच्या दिवशी सकाळी, पाकिटं बंद करण्याआधी, प्रत्येक नाव त्या दिवशीच्या नोंदींशी ताडून पाहायचं. आदल्या आठवड्यात छापलेल्या यादीवर जाऊ नका. गेलेल्या माणसाच्या नावाने 'आपली तब्येत कशी आहे?' असं पत्र घरी पोहोचलं तर त्या घराशी पुन्हा कुणालाच बोलता येत नाही. जिथे मृत्यूची नोंद दिसते, तिथे पाकीट बाजूला काढा, तारीख लिहा, आणि नातेवाइकांशी बोलायचं असेल तर ते किती महिन्यांनी, हे आराखड्यात ठरल्याप्रमाणेच करा. त्या तारखेच्या जवळ गेलेल्याचा वाढदिवस किंवा वर्षश्राद्ध येत नाही ना, हेही पाहून घ्या.